शनिवारच्या गोंगाटाची नोंदवही

खोली बघायला गेलो त्या दिवशी मी खिडक्या बघितल्या, हीटर चालतो का बघितलं, मुलांना हात धुवायला कुठे जावं लागेल ते बघितलं. माझ्या मैत्रिणीने यातलं काही म्हणजे काही बघितलं नाही. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, बूट काढले, डोळे मिटले आणि उजवा पाय दाणकन जमिनीवर आपटला. मग मला म्हणाली, म्हणजे हातांनी म्हणाली, "आता तू कोपऱ्यात जा आणि आपट."

मी कोपऱ्यात जाऊन, जरा लाजत, पाय आपटला.

"मुंगी मारतेयस का? जोरात!"

मी जोरात आपटला. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं खोलीत दिवा लागला. "घेऊन टाक," ती म्हणाली. "अशी जमीन परत मिळायची नाही."

माझी मैत्रीण जन्मापासून बहिरी. तिचे आईवडील बहिरे, आजी बहिरी. बहिऱ्या माणसाला पाठीमागून हाक कशी मारायची? जमिनीवर पाय आपटायचा. सिमेंटच्या जमिनीवर कितीही आपटा, ती ढिम्म. पण इथे जुन्या लाकडी फळ्या होत्या, खाली पोकळ. एका कोपऱ्यात पाय आपटला की दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाच्या तळपायाला गुदगुल्या व्हायच्या. ती पोकळी म्हणजे तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी घराचं छत आहे, हे त्या आनंदात आमच्या दोघींच्या डोक्यात आलंच नाही.

इमारतीच्या हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे व्यवस्थापनाचा, माणूस फॉर्म भरत होता. त्याने विचारलं, "मुलांची शाळा म्हणताय. आवाज फार होणार नाही ना?"

मी हसले. "अहो, मुलं बहिरी आहेत. आवाज कसला करतायत?"

तोही हसला. स्वतःच्या प्रश्नाची त्याला लाजच वाटली बहुतेक. त्याने फॉर्मवर लिहिलं, 'शांत गट'. ऐकू येणारे आम्ही दोघे शहाणे एकमेकांकडे बघून मान डोलावत होतो, आणि ज्या एकटीला खरं काय ते माहीत होतं ती पाठमोरी उभी राहून खिडकीतून कबुतरं बघत होती. तिने आमचे ओठ वाचले असते तर हसून तिथेच लोळली असती.

कारण ज्याला आवाज ऐकूच येत नाही तो आवाज कमी कशाला करेल? खुर्ची उचलून ठेवायची असते हे त्याला कोण सांगणार? दार हळू लावायचं म्हणजे काय? बहिऱ्या मुलांइतकं गोंगाटी जगात दुसरं काही नाही, आणि हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्या घरात आठ वर्षांची एक होती की! पण कागदावर सही करताना माणसाची अक्कल कुठे जाते कोण जाणे.

ही गोष्ट र्युसेल्सहाइममधली, जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला त्या उन्हाळ्यानंतरची. माझा नवरा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी पुण्यातली नोकरी सोडून आलेली, आणि आमची मुलगी. ती साध्या शाळेत जायची. सगळा वर्ग ऐकणारा आणि त्यात ही एकटी. कानाला यंत्रं होती, पण त्यातून तिला आवाज यायचे ते पाण्याखालून आल्यासारखे. दिवसभर बाईंचे ओठ, पोरांचे ओठ, फळा, परत ओठ. घरी आली की आधी यंत्रं काढून टेबलावर ठेवायची आणि सोफ्यावर पालथी पडायची. खेळायला जा म्हटलं तर म्हणायची, "नको. तिकडे परत सगळे बोलतात."

खुणांची भाषा मी माझ्या या मैत्रिणीकडून शिकले. तीच एकदा म्हणाली, "हिला आठवड्यातला एक दिवस दे, जिथे ही एकटी नसेल." त्यातून शनिवारची शाळा निघाली. सात मुलं: दोन तुर्की भाऊ, दोन जर्मन जुळ्या, एक पोलिश मुलगी, आमच्याच गल्लीतल्या नागपूरकरांचा मुलगा आणि माझी. बाकीची जवळपासच्या गावांतून यायची, सगळी आपापल्या वर्गात एकटी. आल्या आल्या ती कानातली यंत्रं काढून एका स्टीलच्या डब्यात टाकायची. तो आमचा पुण्याहून आणलेला चिवड्याचा डबा. झाकण लागलं की शाळा सुरू.

शाळा म्हणायची ती आपली म्हणायला. थोडं वाचन, थोडे हिशोब, नाटुकली, भांडणं आणि डोसे. पहिल्याच शनिवारी मैत्रिणीने सगळ्यांना खुणेची नावं दिली. ही नावं फक्त बहिऱ्यांनीच द्यायची असा रिवाज आहे, ऐकणाऱ्यांनी मध्ये पडायचं नाही. माझं नाव ठरलं कपाळावर बोट टेकवणं, टिकलीमुळे. माझ्या मुलीचं नाव गालात बोट फिरवणं, कारण हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. आणि त्या खोलीत ती सारखी हसायची. घरी जिला पालथी पडलेली बघायची सवय झाली होती, ती इथे खिडकीपाशी उभी राहून पोट धरून हसत होती. मी डोशाचं पीठ ढवळत तिच्याकडे बघत राहायचे आणि पहिला डोसा हमखास करपवायचे.

असे काही शनिवार गेले आणि मग मी ढोल आणला.

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाचा गणपती झाला होता. नवरा ढोलपथकात. विसर्जनानंतर एक ढोल आमच्या गाडीच्या डिकीत राहून गेला. शनिवारी मुलांना सोडायला निघालो तर तो मागे धडधडत होता, आणि मला वाटलं, अरे, ही तर आपल्यासाठीच केलेली वस्तू! ढोल काय कानाने ऐकायचा असतो होय? तो पोटात ऐकू येतो. लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

मी ढोल खोलीत आणला, कमरेला बांधला आणि एक टोल दिला.

सात चेहरे एकदम माझ्याकडे वळले. पोलिश मुलीने छातीवर हात ठेवला. जुळ्यांनी एकमेकींच्या पोटाला हात लावून बघितला. मग तुर्की भावांमधला धाकटा सरळ जमिनीवर पालथा पडला, गाल फळीला लावून, आणि हाताने म्हणाला, "परत!" मी परत वाजवला. पाच मिनिटांत सगळी शाळा जमिनीवर पालथी. माझी मुलगीसुद्धा पालथी, पण ही पालथी वेगळी होती. नंतर प्रत्येकाने वाजवला. मैत्रिणीने तर असा वाजवला की पथकात घ्यावी. कुणी नाचत होतं, कुणी उड्या मारत होतं, नागपूरकरांचा मुलगा खुर्चीवरून पुन्हा पुन्हा जमिनीवर उडी घेत होता, कारण त्याला ढोलाला साथ द्यायची होती. वेळेचं भान कुणाला होतं? इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं आहे.

मंगळवारी पत्र आलं. हाउसफरवाल्टुंगचं. 'शांत गट' या दोन शब्दांखाली रेघ मारलेली. तळमजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार आहे. दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ असून तिचा भंग झाला आहे. पुढच्या चार शनिवारांत सुधारणा दिसली नाही तर करार रद्द. सोबत पुरावा जोडला आहे.

पुरावा म्हणजे चौकटीच्या वहीतल्या पाच पानांच्या झेरॉक्स. बारीक, सुबक पेन्सिलीचं अक्षर. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. नवरा वाचत गेला आणि मराठीत सांगत गेला.

"नऊ अठ्ठावन्न. जिन्यात पावलं, सात लहान, दोन मोठी. एक पाऊल घासत येतं, बूट मोठा असावा. दहा सात. खुर्च्या ओढल्या, अकरा. दहा एकतीस. पाय आपटणं, तीनदा, हाक मारल्यासारखं. दहा बत्तीस. पाय आपटणं, दुसऱ्या कोपऱ्यातून, उत्तर दिल्यासारखं."

"बाप रे," मी म्हणाले.

"अगं ऐक तर! बारा वीस. ड्रम. दोन तोंडांचा. एक बाजू खोल, एक बाजू चढी. बारा एक्केचाळीस. कपाटातल्या बश्या वाजू लागल्या. एक वाजता शांततेची वेळ सुरू. ड्रमही सुरू. एक दहा. ड्रम. ठेका आधीपेक्षा सुधारला." नवऱ्याने कागद खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत चक्क आदर होता. "आल्झो, तर मग, हा माणूस आमच्यातला आहे. मी लिहून देतो."

नवऱ्याचं कामच आवाजाचं. गाडीत कुठे काय खडखडतं, किती कंप येतो, ते शोधायचं. म्हणजे बायकोच्या शाळेवर गदा आलेली आणि हा बसलाय नोंदींचं कौतुक करत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतले.

माझी मात्र भंबेरी उडाली होती. त्या भाड्यात दुसरी खोली मिळणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. खोली गेली की शनिवार गेला. शनिवार गेला की सोफा. मला डोळ्यांसमोर तो सोफाच दिसत होता.

नेमकी मैत्रीण दोन शनिवार बहिणीकडे हाम्बुर्गला गेली होती. विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे मी माझ्याच डोक्याने चालले. सात जोड फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता आणल्या, जाड, करड्या, म्हाताऱ्या माणसांच्या असतात तशा. दारातच बूट काढायचे, सपाता घालायच्या. पाय आपटणं बंद, हाक मारायची तर जाऊन खांद्याला हात लावायचा. आणि हसणं हळू. आता ज्याला ऐकू येत नाही त्याला हळू हसणं कसं शिकवायचं? मला एक युक्ती माहीत होती. गळ्यावर हात ठेवायचा. हसताना गळा थरथरला तर आवाज होतोय, लगेच थांबायचं. गळा गप्प राहिला तर छान.

बाकीच्यांना ते जमेना, ती आपली गळ्यावर हात ठेवूनही खिदळत होती. पण माझ्या मुलीला एका सकाळीत जमलं. तोंडावर तळहात, खांदे हलतायत, डोळे हसतायत, आणि आवाज शून्य. मी तिला शाब्बास म्हणाले. सगळ्यांसमोर उभं करून म्हणाले, "बघा, हिच्यासारखं!"

हे लिहिताना माझे कान तापतात. पण केलं ते केलं.

तिसऱ्या शनिवारी मैत्रीण परत आली. दारात तिच्यापुढे मी तिच्यासाठी आणलेला आठवा जोड ठेवला. तिने सपातांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बुटांसकट आत गेली. आत सात मुलं करड्या सपातांत घसरत चालत होती. माझी मुलगी कशाला तरी हसत होती, तोंडावर हात ठेवून.

मैत्रिणीने दिव्याचं बटण धाडधाड चालूबंद केलं. आमच्याकडे याचा अर्थ, सगळ्यांनी इकडे बघा.

"हे कोणी शिकवलं?"

सात बोटं सात कपाळांवर टेकली. टिकली. मी.

मग ती बोलली. तिची आजी शंभर वर्षांपूर्वी बहिऱ्यांच्या एका निवासी शाळेत होती. तिथे मुलांना स्वतःच्या हातांवर बसवायचे, खुणा करता येऊ नयेत म्हणून. हे मी ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं. शाळा बघायला मोठी माणसं यायची, तेव्हा मुलांनी हसायचं नाही अशी सक्ती होती, कारण त्यांच्या हसण्याचा आवाज पाहुण्यांना बरा वाटायचा नाही. गळ्यावर हात ठेवून बघायचे. "आजी म्हातारी होऊन गेली," मैत्रीण म्हणाली, "पण शेवटपर्यंत तोंडावर हात ठेवून हसली. आवाज न करता. आमच्या घरात ऐकणारं कोणीच नव्हतं. एकही नाही. तरी."

चूक माझी होती. आणि चूक माझी असली की मी भांडते, हा माझा स्वभाव.

"मग काय करू? खोली जाऊ देऊ?"

"जाऊ दे!"

"जाऊ दे म्हणायला तुझं काय जातंय! माझी पोर सोमवार ते शुक्रवार—"

"तुझी पोर शनिवारीही तोंड झाकतेय आता. मग शनिवार कशाला हवाय?"

हातांनी भांडण्यात एक सोय असते, दोघांना एकाच वेळी बोलता येतं. आमचे हात चौफेर चालले होते आणि मुलं खुर्च्या ओढून, अकराच्या अकरा, सामना बघायला बसली होती. शेवटी मी पर्समधून ती पाच पानं काढली आणि टेबलावर आपटली. "हे वाच! हे वाच आणि मग मला शहाणपण शिकव!"

मैत्रिणीच्या आधी मुलांनीच पानांवर झडप घातली.

मी वाटच बघत होते, आता चेहरे पडतील. कुणीतरी आपल्याविरुद्ध पाच पानं लिहिली आहेत हे कळल्यावर कुणाचा चेहरा पडणार नाही? पण तसं काही झालं नाही. आधी सातही डोकी पानांवर वाकली. मग तुर्की भावांतला मोठा उठून उभा राहिला, स्वतःच्या बुटाकडे, म्हणजे सपातेकडे, बोट दाखवून म्हणाला, "घासत येणारं पाऊल! मी! बूट मोठे आहेत! मी आहे यात!"

आणि मग खोलीत दिवाळी झाली. खुर्च्यांचा आवाज होतो? ओढल्यावर? प्रत्येक वेळी? जिन्यातसुद्धा? नागपूरकरांचा मुलगा 'वजनदार उडी, पुन्हा तीच उडी, पुन्हा तीच' ही ओळ सगळ्यांना दाखवत फिरत होता, जणू परीक्षेत पहिला आला. जन्मात कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. 'हळू', 'गप्प', 'शू' एवढंच सांगितलं होतं. आपण गेलो, बसलो, उठलो की मागे काय उमटतं, ते पहिल्यांदाच कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं, वेळेसकट.

पोलिश मुलीचं बोट एका ओळीवर थांबलं. अकरा पंधरा. हसणं. सात प्रकारचं.

"सात प्रकारचं," तिने मला विचारलं. "माझं कोणतं?"

पुढच्या मिनिटाला सगळी वरात जिन्यावरून खाली. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण सपातांमुळे ती इतकी पटकन घसरत गेली की मी मागेच राहिले. मी पोचेपर्यंत घंटी वाजली होती.

दार उघडलं ते उंच, वाळक्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या आजोबांनी. खिशाला पेन्सिल. त्यांनी आधी घड्याळ बघितलं. "आज फक्त चाळीस मिनिटं आवाज," ते मला म्हणाले. "सुधारणा आहे. शेवटी एकदा खुर्च्या." मग त्यांचं लक्ष पायांपाशी जमलेल्या घोळक्याकडे आणि त्यांच्या हातातल्या स्वतःच्या अक्षराकडे गेलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. पोलिश मुलीने माझी बाही ओढली. "आधी माझं विचार."

काय करणार? विचारलं. "हिला जाणून घ्यायचंय, तुमच्या सातांपैकी हिचं हसणं कोणतं."

आजोबांनी दाराची मूठ धरली. मला वाटलं आता दार बंद. पण त्यांनी आत जाऊन वही आणली, चष्मा चढवला आणि म्हणाले, "असं सांगता येत नाही. हसून दाखवावं लागेल. मी पाठ वळवतो. कोणी खूण करायची नाही." आणि खरंच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नवऱ्याचं बरोबर होतं. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात हेच केलेलं होतं: नव्या गाडीत डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं.

पोलिश मुलीला जुळ्यांनी गुदगुल्या केल्या. ती किंचाळून हसली.

"दाराजवळचं," आजोबा भिंतीला म्हणाले. "पान दोन. सुरुवातीला शिट्टी, मग तुटक."

मी ते हातांनी सांगितलं आणि ती जी नाचायला लागली! मग काय, रांगच लागली. एकेकाला गुदगुल्या, एकेकाचं हसणं, आणि आजोबा पाठमोरे राहून अचूक ओळखतायत. जुळ्यांचं हसणं वेगवेगळं आहे हे जुळ्यांना त्या दिवशी कळलं. एकीचं घागर भरल्यासारखं, दुसरीचं खुसुखुसु. माझी मैत्रीणसुद्धा रांगेत घुसली. तिचं 'मोठी बाई, थेट पोटातून' असं निघालं आणि ती खूश झाली.

"सहा मुलं झाली," आजोबा वळून म्हणाले. "सातवं?"

माझी मुलगी मागे, छत्र्यांच्या स्टँडपाशी उभी होती. तोंडावर हात.

त्यांनी वहीची पानं उलटली आणि गेल्या शनिवारची नोंद माझ्यापुढे धरली. मी वाचली. अकरा वीस. हसणं. सहा प्रकारचं. खिडकीजवळचं नाही. आधीच्या शनिवारीही नव्हतं. आजारी आहे का?

मला पुढचं दिसेना. शाब्बास म्हणाले होते मी तिला. ज्या माणसाच्या भीतीने मी तिचं हसणं बंद केलं, तो खाली बसून ते शोधत होता.

माझी मुलगी पुढे आली. तिने ती ओळ वाचली, दोनदा. मग माझ्याकडे बघून विचारलं, "खिडकीजवळचं म्हणजे मी?" आणि मग, खुणा अगदी बारीक करून, "वाईट आहे का ते? त्यांना विचार."

मी विचारलं. कसं विचारलं मला माहीत नाही.

आजोबांनी चष्मा काढला. "आमच्या कामात दोन गोष्टी ऐकायच्या असतात," ते म्हणाले. "जो आवाज नको तो येतोय का. तो कुणालाही सापडतो. दुसरं म्हणजे, जो यायला हवा तो येत नाहीये का. हा बिघाड मोठा, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. खिडकीजवळचं खालून वर चढतं, तीन पायऱ्या, आणि वर जाऊन फुटतं. त्यात काही बिघाड नाही. ते नाही, हा बिघाड आहे."

हे मी माझ्या मोडक्यातोडक्या खुणांत सांगत असतानाच नागपूरकरांच्या मुलाने कंटाळून एक पाऊल मागे टाकलं. आजोबांची फरशी आरशासारखी गुळगुळीत, पायात माझ्या त्या सपाता. दोन्ही पाय वर, तो छत्र्यांच्या स्टँडवर, आणि एक छत्री आपोआप उघडली.

मुलीचा हात तोंडाकडे निघाला. पण तिला त्याच क्षणी मैत्रिणीला सांगायचंही होतं, "बघितलंस? बघितलंस का? छत्री!" आणि सांगायला दोन्ही हात लागतात. तोंड झाकायला हात उरलाच नाही. तिचं हसणं बाहेर आलं, खालून वर, तीन पायऱ्या, आणि वर जाऊन फुटलं. जिन्यात घुमलं.

"गेनाऊ," आजोबा म्हणाले, म्हणजे अगदी हेच. घड्याळ बघितलं, खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. बारा नऊ.

ते काही त्या दिवसापासून प्रेमळ वगैरे झाले नाहीत. हाउसफरवाल्टुंगला त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, त्यात अटी होत्या. पावणेएकला शाळा सुटली पाहिजे. ढोल इमारतीत येता कामा नये. सायकली जिन्यात लावायच्या नाहीत. आणि फेल्ट खुर्च्यांच्या पायांना लावावं, मुलांच्या नको. पाय आपटण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. 'शांत गट' हे मात्र त्यांनी खोडायला लावलंच. वही चालू राहिली, कारण मुलांनी ती बंद होऊ दिली नाही. दर शनिवारी खाली जाऊन मागच्या शनिवारचं वाचून यायची. आजोबा एकदा सुट्टीवर गेले तर जुळ्या रुसल्या, "मग आज हसायचं कशाला?" आम्ही म्युनिकला बदलून गेलो तोपर्यंत तीन वह्या भरल्या होत्या.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी आम्ही दोघी बसने घरी निघालो. मुलीने खिडकीतून तोंड वळवलं आणि मला विचारलं, "तुला तर ऐकू येतं. माझं हसणं कसं आहे ते तू कधीच का नाही सांगितलंस?"

कुकरची शिट्टी कशी असते ते मी तिला सांगितलं होतं. देवळातली घंटा, विमान, बाबांचं घोरणं, पोळी फुगताना होतो तो एवढासा आवाज, सगळं सगळं हातांनी करून दाखवलं होतं. तिचं हसणं नाही. ती अगदी लहान असताना एका लग्नात मोठ्याने हसली होती आणि चार माना वळल्या होत्या. तेव्हापासून मला भीती वाटायची, त्या हसण्याविषयी बोलले तर त्या वळलेल्या मानाही सांगाव्या लागतील. म्हणून मी मूग गिळून बसले होते. आठ वर्षांची पोर आणि आठ वर्षांचं माझं हे मौन.

"घाबरले होते," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

"आता सांग."

मी सांगितलं. बसायच्या जागेत हात पुरेनात म्हणून उठून उभी राहिले आणि चालत्या बसमध्ये दांड्याला पाठ टेकवून दोन्ही हातांनी सांगितलं: आधी इथे, पोटाशी, मग इथे, मग इथे, आणि मग हे असं, लाह्या फुटतात तसं. बसमधल्या चार माना वळल्या. वळू देत.

तिने नीट बघितलं. मग म्हणाली, "आजोबांनी जास्त बरोबर सांगितलं." आणि थोड्या वेळाने, "पण परत कर."

मी परत केलं. आमचा स्टॉप मागे गेला, त्याच्या पुढचाही गेला. ती हसत होती, तोंड उघडं टाकून, आणि मी उभ्या उभ्या ऐकत होते.